साडेनऊशेचा फ्री डिश बॉक्स: झाकणावरचं नाव सोडा, आतली चिप बघा

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एचडी फ्री डिश बॉक्स घेतला, साडेनऊशेला, त्यात रिमोट, अडॅप्टर आणि एक हातभर लांबीची एचडीएमआय केबल आली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर पुढे तक्रारी करायच्यात आणि दुसरं म्हणजे त्या नावाला काही अर्थच नाही, कारण दोन दुकानं सोडून तिसऱ्यात हाच डबा, हाच रिमोट, फक्त स्टिकर वेगळं आणि किंमत शंभर रुपयांनी जास्त. एकाच गिरणीचं पीठ, पिशव्या वेगळ्या. मार्क आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन आतल्या चिपचे आणि अर्धा दुकानदाराचा, कारण मी विचारल्यावर त्याने कुरकुर न करता झाकण उघडून बोर्ड दाखवला. डबा बनवणाऱ्या कंपनीला शून्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फ्री डिश म्हणजे प्रसार भारतीची डीटीएच सेवा, डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, महिन्याचं भाडं वगैरे काही नाही, छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा की झालं. आज देशात ४ कोटींच्या वर घरांत आहे. गावाकडे बघाल तर पत्र्यावर छत्र्याच छत्र्या. चॅनल जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरून येतात, ९३.५ अंश पूर्वेला, पुण्यातून बघितलं तर आग्नेयेला आणि साधारण ५९ अंश वर, म्हणजे छत्री बऱ्यापैकी आभाळाकडे तोंड करून बसते. सह्याद्री तर असतंच, खाजगी मराठी चॅनल मात्र लिलावात कोण किती बोली लावतो त्यावर येतात आणि जातात, त्यामुळे "ह्या बॉक्समध्ये अमुक चॅनल दिसतं का" असं दुकानात विचारण्यात अर्थ नाही, तो बॉक्सचा प्रश्नच नाही.

मग बॉक्सचा प्रश्न काय? तर आतली चिप. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे चार स्क्रू काढले. आत तळहाताएवढा बोर्ड, निम्मा डबा रिकामा, वजन वाटावं म्हणून खाली पत्र्याची पट्टी. मधोमध हीटसिंक चिकटवलेली चिप, जीएक्स६६०५एस. ही हांगझोऊच्या नॅशनलचिप कंपनीची, आणि गेल्या काही वर्षांत स्वस्तातले जे एचडी बॉक्स आले त्यात ही किंवा १५०६ म्हणून ओळखली जाणारी, नाहीतर तैवानच्या अली कंपनीची एम३५१०, बहुतेक ह्याच तिघींपैकी एक सापडते. अली म्हणजे जुन्या लोकांना आठवत असेल, पेंटियमच्या काळात मदरबोर्डवर अलादिन चिपसेट असायचा, तीच कंपनी, मूळची एसरची. पीसीच्या धंद्यातून बाहेर पडली आणि टीव्हीच्या डब्यात शिरली.

आता ह्या एका चिपमध्ये काय काय कोंबलंय ते बघा म्हणजे साडेनऊशेला डबा कसा परवडतो ते कळेल. छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी, १० ते १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल खाली आणतो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर, तो केबलने बॉक्समध्ये येतो. तिथे ट्यूनर हव्या त्या फ्रीक्वेन्सीचं बोट धरतो, मग डिमॉड्युलेटर त्या लाटांतून शून्य-एक काढतो आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करतो, मग डिकोडर त्याचं चित्र आणि आवाज करतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ह्या प्रत्येक कामाला वेगळी चिप, ट्यूनर तर चक्क पत्र्याची बंद डबी असायची, शेजारी रॅमच्या दोन काड्या. माझ्याकडे एक जुना एमपेग-२ वाला (चित्र दाबून लहान करून पाठवायची जुनी पद्धत) बॉक्स पडलाय, त्याचा बोर्ड ह्याच्या तिप्पट आहे. नव्यात डिमॉड्युलेटर, डिकोडर, प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम, सगळं एकाच पॅकेजात. ट्यूनरची डबी गेली आणि त्या जागी नखाएवढी आरडीए५८१५, शांघायच्या आरडीएची. बाकी एक छोटी फ्लॅश, एक क्रिस्टल आणि पॉवरचं सामान. बस्स. एवढ्यावर कोणीही कंपनी काढू शकतो आणि काढतातच.

एक गंमत सांगू, ह्या जीएक्स६६०५एसचा प्रोसेसर एआरएम नाही, मिप्स पण नाही, सी-स्काय नावाचा चिनी प्रोसेसर आहे आणि त्याला २०१८च्या शेवटी आलेल्या लिनक्स ४.२० मध्ये अधिकृत सपोर्ट मिळाला. म्हणजे आजी ज्या डब्यावर कीर्तन बघते त्या चिपचं नाव लिनक्सच्या सोर्सकोडमध्ये लिहिलेलं आहे. मला तरी हे जाम भारी वाटलं, बायकोला सांगितलं तर ती म्हणाली आधी आवाज कमी कर.

बरं, चालतो कसा ते. सुरू व्हायला पंधरा-वीस सेकंद. ऑटो स्कॅन झटपट, सगळ्या ट्रान्सपाँडरला (उपग्रहावरून चॅनलचे गठ्ठे ज्यातून येतात त्या वाटा) सिम्बॉल रेट, म्हणजे डेटाचा वेग, २९५०० आधीच भरलेला होता, काही टाइप करावं लागलं नाही. चॅनल बदलायला दीड-दोन सेकंद, ज्यांना केबलच्या डब्याची सवय आहे त्यांना वेगवानच वाटेल. एमपेग-४ वाले चॅनल एचडीएमआयवर स्वच्छ दिसतात, एमपेग-२ वाले दिसतात तसेच दिसणार, मोठ्या टीव्हीवर क्रिकेटमध्ये गवताचा नुसता हिरवा लगदा होतो, त्याला बॉक्स काय करणार, वरूनच कमी बिटरेटमध्ये पाठवतात. पण एक गोष्ट मानली पाहिजे, जिथे सिग्नल कमी आहे तिथे जुन्या डब्यापेक्षा हा जास्त वेळ तग धरतो. जुन्यावर चौकोन यायला लागायचे तिथे ह्याचं चित्र अजून चालू असतं, मीटरवर क्वालिटी तिशीच्या खाली गेली तरी. हे डिमॉड्युलेटरचं काम आणि इथेच चिपचे तीन मार्क मी दिले. अर्थात कोकणातला जुलै असेल तर कुठलीच चिप कामाची नाही, केयू बँड (वर सांगितलेला १०-१२ गिगाहर्ट्झवाला) आणि मुसळधार पाऊस ह्यांचं कधी जमलंच नाही, अर्धा तास थांबायचं, चहा करायचा.

आता डब्यावर जे छापलंय त्याबद्दल. "यूट्यूब, वायफाय, पीव्हीआर, फुल एचडी, फोरके रेडी". फोरके रेडी हे सरळसरळ खोटं. ही चिप एच.२६४ पर्यंतच, म्हणजे वरच्या एमपेग-४ पर्यंतच जाते, त्याच्या पुढची एचईव्हीसी पद्धत तिला कळतच नाही, मग फोरके कुठून आणणार. वायफायसाठी वेगळा डोंगल लागतो, तो लावल्यावर यूट्यूब एकदा उघडलं, मग कधी एरर कधी काळा पडदा, ६४ एमबी रॅममध्ये यूट्यूब म्हणजे चेष्टाच आहे. पीव्हीआर म्हणजे पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग, ते मात्र खरंच चालतं आणि छान चालतं, कारण त्यात चिपला काही डोकं लावायचं नसतं, वरून आलेला प्रवाह तसाच्या तसा लिहायचा.

खरी रड आहे पॉवरची. डब्यातला प्रत्येक रुपया वाचवलाय तो इथे. अडॅप्टर हलका लागतो, तासाभरात हात लावला तर गरम. बोर्डवरचे कपॅसिटर बिननावाचे. एलएनबीला व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट आणि हॉरिझॉन्टलसाठी १८ व्होल्ट द्यावे लागतात, ते बोर्डवरच अडॅप्टरच्या १२ व्होल्टचे वाढवून बनवतात, आणि तो भाग कमजोर पडला की काही चॅनल दिसतात काही नाही, मग माणूस बिचारा छत्री हलवत गच्चीवर उन्हात उभा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डब्यांपैकी बहुतेकांत चिप ठणठणीत असते, मेलेला असतो दहा रुपयांचा कपॅसिटर. गावातले लोक मात्र "बॉक्स गेला" म्हणून नवीन आणतात. तर घेतल्या घेतल्या अडॅप्टर चांगला लावा, १२ व्होल्ट दीड-दोन अँपियरचा, शंभर-दीडशे जास्त गेले तरी चालतील.

मग इतकी चांगली चिप इतक्या भिकार डब्यात स्वस्तात येते कशी? कारण ह्या चिपचा बाजारच असा आहे की त्यात चांगलं बनवून कोणी श्रीमंत होत नाही. एक उदाहरण देतो, अमेरिकेतल्या कोनेक्संटचा सेट टॉप बॉक्स चिपचा धंदा २००८मध्ये एनएक्सपीने घेतला. एनएक्सपीने आपला टीव्ही आणि सेट टॉपचा सगळा बाडबिस्तरा २०१०मध्ये ट्रायडंट मायक्रोसिस्टिम्सच्या गळ्यात घातला. ट्रायडंटने जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मग तो सेट टॉपचा धंदा एंट्रोपिकने लिलावात उचलला आणि २०१५मध्ये एंट्रोपिकलाच मॅक्सलिनियरने विकत घेतलं. सात वर्षांत पाच मालक! तिकडे झोरान नावाची दुसरी चिप कंपनी सीएसआर कंपनीमध्ये गेली आणि सीएसआर क्वालकॉममध्ये. युरोपची एसटी मायक्रो तर ह्या धंद्यातली दादा होती, ग्रेटर नोएडाला तिचं मोठं डिझाइन सेंटर, पण जानेवारी २०१६मध्ये तिने जाहीर केलं की सेट टॉपच्या नव्या चिप बंद, आम्ही बाहेर. आणि वेळ बघा, तेव्हा आपल्याकडे केबलचं डिजिटायझेशन चालू होतं, मुंबई-दिल्ली-कोलकाता-चेन्नई २०१२ला, पुणे-नागपूर वगैरे ३८ शहरं २०१३ला, बाकी देश २०१७पर्यंत. कोट्यवधी डबे खपत होते आणि त्यातली बडी कंपनी म्हणते आम्हाला परवडत नाही.

परवडणार कसं, गिऱ्हाईक कोण आहे ते बघा ना. चिप घेणारा डबेवाला, तो पाच-दहा सेंटसाठी पुरवठादार बदलतो. डबा घेणारा केबलवाला नाहीतर आपल्यासारखा, तो शंभर रुपयांसाठी दुकान बदलतो. चिप बनवायला मात्र दरवेळी नवीन स्टँडर्ड, सॅटेलाइट प्रसारणाचं डीव्हीबी-एस झालं की डीव्हीबी-एस२, एमपेग-२ झालं की एच.२६४, मग एचईव्हीसी, प्रत्येक वेळी कोट्यवधी डॉलरचं डिझाइन आणि दोन वर्षांत त्याचा भाव अर्धा. अमेरिकेत १२ जून २००९ला मोठ्या स्टेशनांचं अॅनालॉग बंद झालं, त्याच्या आधी सरकारने लोकांना कन्व्हर्टर बॉक्ससाठी ४० डॉलरची कूपनं वाटली होती, तेव्हा चिपवाल्यांची दिवाळी झाली पण एकदाच. डबा घरात गेला की माणूस दहा वर्षं परत दुकानात येत नाही.

ज्यांना हे कळलं ते वेळेत निघाले. शांघायची मोंटाज आठवते का, फ्री डिशच्या कितीतरी डब्यांत तिची चिप होती, ती आता सर्व्हरच्या मेमरीसाठी चिप बनवते आणि तिकडे मजेत आहे. जे राहिले ते आकाराने राहिले. टीव्हीच्या आतल्या चिपमध्ये तैवानच्या मीडियाटेकने २०१२मध्ये आपलीच प्रतिस्पर्धी एमस्टार घ्यायचं जाहीर केलं, चीन सरकारने परवानगी देताना टीव्हीचा भाग वर्षानुवर्षं वेगळा ठेवायला लावला, शेवटी २०१९ला दोन्ही एक झाले. कारण उघड होतं, दोघं मिळून जगातल्या निम्म्याहून जास्त टीव्हींच्या पोटात. तुमचा टीव्ही कुठल्याही कंपनीचा असू दे, आत तैवानच निघण्याची शक्यता मोठी.

ह्या सगळ्याचा साडेनऊशेच्या डब्याशी संबंध असा की डबेवाली कंपनी उद्या गायब झाली तरी तुमचं काही अडत नाही, पण चिप ओळखीची असेल तरच. दुरुस्तीवाल्याकडे डबा नेला की तो कंपनी विचारतच नाही, "चिप कुठलीये" एवढंच विचारतो. चिप ठरली, ट्यूनर ठरला, मग त्याला जुळणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर मिळतं आणि लोगोवर अडकलेला डबा पाच मिनिटांत जिवंत होतो. अनोळखी चिप असेल तर त्याच्याकडे एकच उत्तर, नवीन घ्या. म्हणून दुकानात झाकण उघडायला सांगा, वॉरंटीचं कारण देऊन नाही म्हणाला तर चालू करून मेनूत सिस्टिम इन्फॉर्मेशन बघा, तिथे हार्डवेअरचं नाव बहुतेक वेळा असतं. तेही दाखवत नसेल तर गल्ली मोठी आहे, पुढचं दुकान. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोडवर हाच नियम लागू.

एक विचार सारखा येतो, एवढे कोट्यवधी डबे आपल्याकडे खपतात तर चिप आपली का नसावी. म्हणजे अगदीच नाही असं नाहीये. बंगळुरूच्या सांख्य लॅब्जने २०१८मध्ये पृथ्वी-३ नावाची चिप आणली, अमेरिकेतल्या एटीएससी ३.० ह्या टीव्ही प्रसारणाच्या स्टँडर्डसाठी, पैसा-पाठबळ तिकडच्या सिंक्लेअर ब्रॉडकास्टचं. खासियत अशी की डिमॉड्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे एकाच चिपवर वेगवेगळी स्टँडर्ड बसवता येतात. २०२२मध्ये टाटांच्या तेजस नेटवर्क्सने ती कंपनी घेतली. आता त्यांचा जोर डायरेक्ट-टू-मोबाइलवर आहे, म्हणजे इंटरनेटशिवाय फोनवर टीव्ही, त्याच्या चाचण्या दिल्ली-बंगळुरूत झाल्या. छान आहे, पण फ्री डिशच्या डब्यात मात्र अजून हांगझोऊ आणि तैपेईच. मला वाटतं तिथे आपण कधी उतरणारही नाही आणि उतरू पण नये, एसटीला जमलं नाही ते आपल्याला काय जमणार, इतक्या कमी मार्जिनमध्ये.

"नवीन टीव्ही घ्यायचाय, त्यातच फ्री डिश येतं म्हणतात, मग बॉक्स कशाला" असं विचारणारे असतील, तर बरोबर आहे, डिसेंबर २०२२मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, सॅटेलाइट ट्यूनर आत असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक काढलंय, तसा टीव्ही असेल तर छत्रीची केबल थेट मागे लावायची. टीव्हीच्या चिपमध्ये डिमॉड्युलेटर बऱ्याचदा आधीच असतो, पण ट्यूनर आणि एलएनबीला व्होल्टेज द्यायचं सर्किट कंपनीने बसवलेलं असायला हवं, आणि तिथे शंभर-दोनशे रुपये वाचवतात. मागच्या बाजूला स्क्रूवाला एफ कनेक्टर आहे का बघा. साध्या अँटेनाचं भोक म्हणजे सॅटेलाइट नाही, सेल्समन दोन्हीला "हो हो चालतं" म्हणतो.

आणि ज्यांच्याकडे जुना एमपेग-२ डबा अजून चालतोय त्यांनी घाई करू नका. बरेचसे गर्दीचे चॅनल आजही एमपेग-२ मध्येच आहेत आणि लवकर जातील असं मला वाटत नाही, कारण तसे डबे लाखोंनी घराघरांत आहेत, ते बंद केले तर चॅनलवाला लिलावात पैसे कशाला ओतेल. नव्वदीतलं तंत्रज्ञान, अमेरिकेतली त्याची शेवटची पेटंटसुद्धा २०१८मध्ये संपली, आणि आपल्याकडे अजून त्याच्यावर कोट्यवधींच्या बोली लागतात. एचईव्हीसीवाला महागडा बॉक्स मात्र फ्री डिशसाठी घेऊ नका, पैसे वाया. त्याच्या लायसन्सवाल्यांना वेगळी दक्षिणा, ती शेवटी तुमच्याच खिशातून.

रिमोटबद्दल लिहायचं राहिलं. बटणं रबराची, अक्षरं महिन्याभरात पुसट, आणि आवाजाची बटणं चॅनलच्या बटणांना इतकी चिकटून की म्हाताऱ्या माणसाने आवाज वाढवायला जावं आणि चॅनल बदलावं. घरात वयस्कर कोणी असेल तर मोठ्या बटणांचा शिकाऊ रिमोट (मूळ रिमोटची बटणं शिकून घेणारा) वेगळा घ्या, गल्लीतच मिळतो. आणि डबा घरी आणल्यावर तो नीट चालत असतानाच अपग्रेड मेनूत जाऊन डंप पर्याय आहे का शोधा, असेल तर सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर काढून घ्या, फाइलच्या नावात चिप आणि ट्यूनर दोन्ही लिहा, फाइल मोबाइलमध्ये पण टाकून ठेवा. वीज गेल्यावर लोगोवर अडकला की हीच फाइल लागते.